पडीत म्हणून नोंद

जीप थांबली तसे रूपलाने दोन्ही हात जोडले आणि पोटच्या पोरीला म्हटलं,

“या मॅडम.”

उज्ज्वलाचा एक पाय जमिनीवर टेकला होता, दुसरा जीपमध्येच राहिला. बापाच्या अंगात धुतलेला पांढरा सदरा होता आणि डोक्याला लग्नाकार्यात बांधायचा फेटा. त्याच्या मागे तांड्यातली पाच-सहा माणसं उभी होती. तिला अंगाखांद्यावर खेळवलेली माणसं. त्यांतल्या एकानेही तिला नावाने हाक मारली नाही. तिची आई ललिताबाई तांब्या-पेला घेऊन आली. तिने आधी तलाठी निकिताला पाणी दिलं, मग वनरक्षक गोविंदसिंगला. शेवटी ती लेकीसमोर आली तेव्हा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता.

“घ्या,” ललिताबाई म्हणाली आणि नजर वर न करता मागे सरकली.

उज्ज्वला पाणी प्यायली. हे सगळं ठरवून केलेलं आहे, एवढं तिला कळलं. कुणी ठरवलं आणि का, हे विचारायची सोय नव्हती. निकिता सहा महिन्यांपूर्वी रिसोडकडून बदलून आलेली, गोविंदसिंग त्याहून नवा. समोरचा फेटेवाला म्हातारा पुण्याहून आलेल्या मॅडमचा बाप आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. उज्ज्वलाच्या ऑफिसातही कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, आणि गाव विचारलं की ती नुसतं वाशीम सांगायची.

पुण्यातल्या ज्या कंपनीत ती होती, तिचं काम मोठ्या प्रकल्पांचे आराखडे आणि परवानग्यांचे कागद तयार करण्याचं. गेली दोन वर्षं तिच्याकडे कोकणातली एक खाडी होती. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. त्या येण्याजाण्याच्या वाटेवर, पाण्याखाली, पाती बसवायची आणि त्यांच्यापासून वीज काढायची असा तो बेत. तांड्यात वाढलेली, विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेली पोरगी आता होडीत बसून प्रवाहाचा वेग मोजत होती. पहिल्यांदा होडीत चढली तेव्हा तिला उलटी झाली होती. सहा महिन्यांत कोळ्यांच्या बायका तिला भरतीची वेळ विचारू लागल्या. हे काम तिला मनापासून आवडत होतं, आणि ते चांगलं आहे यावर तिचा विश्वास होता. धूर नाही, राख नाही, कुणाचं गाव बुडत नाही.

फक्त किनाऱ्यावर वीज उतरवून घ्यायला जागा लागणार होती, आणि त्या जागेवर अठरा हेक्टर खारफुटी होती. ती तोडायची तर नियमाप्रमाणे तेवढीच जमीन दुसरीकडे कुठेतरी झाडं लावायला वनखात्याकडे द्यावी लागते. महसूल खात्याकडून अशा जमिनींची यादी आली. यादीत चौथ्या ओळीवर जिल्हा वाशीम होता, तालुका मंगरूळपीर, ई-क्लास म्हणजे सरकारी जमीन, गट नंबर एकशे बारा. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता. पडीत.

हा नंबर उज्ज्वलाला शाळेत असल्यापासून पाठ होता. अतिक्रमणाच्या नोटिसा यायच्या त्यांवर तोच असायचा, आणि त्या वाचून दाखवायचं काम तिचं असायचं. शेलूबाजारपासून पाच-सहा किलोमीटरवर, खडकतांड्याच्या वरच्या अंगाला असलेली ती बरड जमीन तिच्या आजाने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी दगड वेचून कसायला घेतली होती. सरकारदरबारी ती गुरचरण. तांड्यातली बावीस घरं तिच्यावर पंचेचाळीस वर्षं पेरत होती. पट्टा कुणालाच मिळाला नाही, उठवलंही कुणी नाही.

जागेची प्रत्यक्ष पाहणी करायला कोण जाणार, असं विचारलं गेलं तेव्हा उज्ज्वलाने हात वर केला. तिचा हिशेब सरळ होता. डिसेंबरात तूर छातीएवढी असते. उभ्या पिकाचे फोटो काढायचे, अहवालात ‘प्रत्यक्षात शेतीखाली, वनीकरणास अयोग्य’ असं लिहायचं, की एकशे बारा यादीतून जाईल. कुणावर उपकार नाही, खोटं नाही. आपलं माहेर तिथे आहे हे सांगितलं तर दुसऱ्या कुणाला पाठवतील, म्हणून ती गप्प राहिली.

बापाला तिने ऑफिसच्या जिन्यातून फोन केला होता.

“बा, आपल्या वरच्या जमिनीची पाहणी आहे. माझ्याच कंपनीचं काम आहे. मीच येणार आहे.”

“काही भानगड हाय का व?”

तेवढ्यात जिन्यावरून दोघं-तिघं उतरले.

“आल्यावर सांगते,” म्हणून तिने फोन ठेवला होता.

आता ती चढणीला लागली. पुढे रूपला, मागे ती, तिच्यामागे दोघं सरकारी. बबनराव मोटारसायकल खाली लावून मागाहून येऊन मिळाले. खालच्या गावचे हे बडे शेतकरी, कधीकाळचे सरपंच. उज्ज्वलाला ते चांगलं ओळखत होते. दहावीला तिचा सत्कार त्यांच्याच हस्ते झाला होता. त्यांनीही “नमस्कार मॅडम” म्हटलं आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसले.

“मॅडम, इथं पाय जपून ठेवा,” रूपला म्हणाला. “दगडं हायेत.”

दगड. उज्ज्वलाने खाली पाहिलं आणि मग समोर.

तूर नव्हती. धुऱ्यापासून टेकडीच्या खांद्यापर्यंत सगळं रान उघडं पडलं होतं. जागोजाग गुरांच्या खुरांचे ठसे होते, शेण होतं आणि दगड होते. धुऱ्यावर रचलेले आजाच्या काळचे दगड, ते आता सगळीकडे पसरून टाकलेले. बांध जेमतेम वीतभर उरले होते. एका दगडाच्या बुडाशी तुरीचं एक रोप चेंगरून पडलं होतं, पानं अजून हिरवी. उज्ज्वलाने बूट सरकवून ते झाकलं. का झाकलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

गोविंदसिंग उकिडवा बसला. त्याने मूठभर माती घेऊन बोटांनी चोळली.

“माती तर चांगली मऊ आहे,” तो म्हणाला. “कसल्यासारखी.”

“उताऱ्यावर पडीत आहे,” निकिता हातातला कागद बघत म्हणाली. “पीकपेरा कोराच आहे.”

“गुरं बसतात साहेब इथं,” रूपला चटकन म्हणाला. “खतानं मऊ होते माती.”

गोविंदसिंगने माती टाकून हात झटकले. तालुक्यातून साठ हेक्टर काढून द्यायचं पत्र त्याच्या खिशात होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

उज्ज्वलाने वही उघडली. पेन हातात धरून ती बापाच्या समोर उभी राहिली. पुण्यात मीटिंगमध्ये बोलते त्याच आवाजात तिने विचारलं,

“इथे कोणी शेती करतं का?”

“नाही मॅडम.”

“कधी करत होतं?”

“कधीच नाही.”

“नीट ऐका,” ती म्हणाली. एकेक शब्द सुटा करून, त्याच्या डोळ्यांत बघत. “इथे शेती होत असेल, तर ही जमीन आम्हाला चालत नाही. मग ती यादीतून निघते. जशी आहे तशी राहते. समजलं? खरं असेल ते सांगा. कुणावर काही कारवाई होणार नाही.”

गोविंदसिंगने मान वर केली. रूपला लेकीकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्यावरून सुटून बबनरावांकडे गेली.

“मॅडम,” बबनराव हसत म्हणाले, “इथं दगडं पिकतात फक्त.”

मागचे दोघं-तिघं हसले. रूपलाही हसला.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो. ढोरं चारतो आमी, बाकी काई नाही.”

पंचनामा खाली उतरल्यावर, बबनरावांच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून झाला. ‘पाहणीवेळी सदर जमिनीवर कोणतेही पीक अथवा अतिक्रमण आढळून आले नाही.’ निकिताने तो मोठ्याने वाचून दाखवला. पहिला पंच बबनराव, दुसरा रूपला. रूपलाने सही केली. उज्ज्वला चौथीत असताना तिनेच त्याला सही शिकवली होती. त्याचा ‘ल’ अजून तिच्या तेव्हाच्या ‘ल’सारखाच होता. मग कागद तिच्यापुढे आला. लिहिलेलं खरं होतं. पाहणीवेळी पीक नव्हतं. खोटं म्हणावं तर तिला तिघांच्या देखत बापाला खोटं पाडावं लागलं असतं, आणि सरकारी कागदावर खोटी सही केली म्हणून पुढे काय होतं ते तिला माहीत होतं.

तिने सही केली.

जीपने तिला शेलूबाजारच्या स्टँडवर सोडलं. पुण्याची गाडी संध्याकाळची आहे, असं तिने सांगितलं. गोविंदसिंग आणि निकिता दिसेनासे झाले तशी ती रस्ता ओलांडून उलट्या बाजूच्या काळीपिवळीत बसली. दुपारी दोनच्या सुमारास ती पुन्हा तांड्यात शिरली, तेव्हा रूपला दारातच होता. फेटा खुंटीवर गेला होता. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“कशी केली?” त्याने विचारलं. “कोनाले शंका तरी आली का?”

तिला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी सांगितलं होतं, घरी मराठीत बोलत जा, नाहीतर पोरगी मागे पडेल. त्या दिवसापासून रूपलाने लेकीशी आपली गोरमाटी बोली बोलणं सोडलं ते सोडलंच. ललिताबाईनेही नवऱ्याच्या मागे लागून मराठी शिकून घेतली. बाकी सगळ्यांशी ती दोघं आपल्या बोलीत बोलत. हिच्याशी मात्र परक्याशी बोलावं तसं, जपून, मराठीत.

“तूर कुठं गेली, बा?”

“उपटली. तुवा फोन आला अन् मी बबनरावकडं गेलो. ते म्हनले, पाहनी म्हनजे अतिक्रमनाचीच. पीक दिसलं तं बाविसच्या बावीस घरावर गुन्हा पडते. अन् वरून पोरीचं नाव निंगते, का बापाचं अतिक्रमन झाकाले आली म्हनून. नोकरी जाते म्हने तिची.” त्याने कौतुकाने मान हलवली. “त्याइनंच ट्रॅक्टर-ट्रॉली देली. तूर सारी भरून नेली. चार दिस अख्खा तांडा लागला होता. कोनी नाही म्हनलं नाही. उज्ज्वलाचं काम हाय म्हनलं, का झालं.”

“मंजूनं म्हनलं होतं,” ललिताबाई चुलीपाशी बसून म्हणाली. मंजूचं घर शेजारचं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. “तिच्या वावरात शेंगा भरल्या होत्या. आठ दिस थांबा म्हनत होती.”

“थांबून कसं जमन? पाहनी आजची,” रूपला म्हणाला.

उज्ज्वला खाटेच्या कडेवर बसली. तिने पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“बा, मी तूर दाखवाले आली होती.”

“कोनाले?”

“कागदावर. फोटोत. पीक हाय असं लिहिलं असतं तं त्याइनं ही जमीन सोडून दिली असती. म्हनून मी आली. मी मागून घेतलं हे काम.”

रूपलाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. बोलणं पुरतं पोचेपर्यंत ते तसंच राहिलं, मग हळूहळू विरत गेलं.

“आता काय होईन?” त्याने विचारलं.

“कोकनात समुद्रातून लाईट काढनार हायेत. तिथं झाडं तुटतील. त्याच्या बदल्यात इथं लावतील. आपल्या रानात. तार ठोकतील.”

“समुद्रातून लाईट,” रूपला म्हणाला. “अन् जमीन आमची?”

तिने खाली ठेवलेला तांब्या पुन्हा उचलला.

“तुनं फोनवर कायले नाही सांगतलं?”

“ऑफिसात होती मी. लोकं होते.”

“मंग वर टेकडीवर तरी?”

“सांगतलं ना बा. तोंडावर सांगतलं. खरं सांगा म्हनलं, यादीतून निंगते म्हनलं.”

“मले वाटलं तू साहेबाचं सोंग घेऊन राह्यली.” त्याचा आवाज खाली गेला. “बबनरावनं बजावलं होतं, ते गोड बोलतील, कबूल करून घेतील, मंग धरतील. मी म्हनलं, पोरगी बिचारी त्याइच्यासमोर बोलून राह्यली, तिले तसं बोलाच लागते.”

“मी होती ना समोर.”

“तू होती म्हनूनच तं,” रूपला म्हणाला.

ललिताबाईने ताट वाढून लेकीपुढे सरकवलं. भाकरी होती आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. बबनरावांच्या ट्रॉलीतून जी काही पेंढी मागे राहिली होती, तिच्यातून सोललेले दाणे असावेत. ललिताबाईच्या दोन्ही तळव्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. उज्ज्वलाने घास तोडला.

पुण्यात गेल्यावर तिने गेल्या तीन वर्षांची उपग्रहाची चित्रं काढली. दर हिवाळ्यात गट एकशे बारा हिरवा दिसत होता. ती चित्रं अहवालाला जोडून ती वरिष्ठांकडे गेली. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं.

“गवतही असू शकतं,” ते म्हणाले. “पंचनाम्यात काय आहे?”

“पीक आढळलं नाही.”

“सही कुणाची?”

“माझी.”

“मग?” त्यांनी खरोखरच न समजून विचारलं. “तू स्वतः उभी होतीस ना तिथे?”

आता सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. त्या पंचनाम्यावरचा दुसरा पंच माझा बाप आहे, त्याने खोटं सांगितलं आणि मला ते माहीत होतं. तिने तसा मेल लिहिला. दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तिला बाप दिसला, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला. दुसऱ्या वाचनात ती स्वतः दिसली, टेबल रिकामं करताना. हा मेल आपण पाठवत नाही तो बापासाठी, असं तिने मनाशी म्हटलं. मेल ड्राफ्टमध्ये ठेवून ती खाडीच्या नव्या मोजणीची तयारी करायला उठली. पुढे काही दिवस ती रोज तो उघडून बघे. नंतर नंतर ते सुटलं.

जमीन वनखात्याच्या नावावर चढली. पुढच्या पावसाळ्याआधी काटेरी तार आली, सिमेंटचे खांब आले. खड्डे खणायला तांड्यातलीच माणसं लावली. कडुनिंब, सीताफळ, खैर. राखणदार नेमायची वेळ आली तेव्हा गोविंदसिंगला तो सज्जन म्हातारा आठवला, ज्याने पाहणीच्या दिवशी काही कटकट केली नव्हती. रूपलाला खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली आणि फाटकाची किल्ली.

फोनवर त्याने लेकीला हे सगळं सांगितलं. तांड्यात आपल्याशी आता फारसं कुणी बोलत नाही, हे त्याने सांगितलं नाही. ते ललिताबाईने सांगितलं. ऊसतोडीला आपलं सोडून बाकी एकवीसही घरं जाऊन राह्यली, आधी सात-आठच जायची, हेही. मंजू दोन्ही पोरींना शाळेतून काढून उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, घेऊन गेली होती. जाताना ती ललिताबाईच्या दारावरून गेली, पण थांबली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी, खाडीच्या तोंडाशी वर्षभर मोजलेले आकडे एकत्र झाले. पाण्याचा वेग कागदावर धरला होता त्याहून बराच कमी भरला. भांडवल घालणाऱ्यांनी दोन मीटिंगांत अंग काढून घेतलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला. खारफुटीचं एकही झाड तुटलं नाही. ऑफिसात शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला.

“चला,” वरिष्ठ म्हणाले, “निदान किनारा तरी वाचला.”

उज्ज्वलाने विचारलं, वाशीमची जमीन परत देता येईल का? त्यांना आधी आठवलंच नाही कुठली जमीन ते. मग म्हणाले, छे, एकदा वनखात्याकडे गेलेली जमीन परत येत नसते. आणि झाडंच लावलीत ना, वाईट काय झालं?

दिवाळीला ती तांड्यात आली. घरं बहुतेक बंद होती, दारांना काटक्या लावलेल्या. सकाळी ती आईबरोबर वर गेली. ललिताबाईच्या हातात शेळीचं दावं होतं. फाटकापाशी रूपला खाकी सदऱ्यात उभा होता. सदरा खांद्यांत मोठा होत होता.

“तू ये आत,” त्याने लेकीसाठी फाटक उघडलं. “तुले चालते. तू कंपनीची हायेस.”

ललिताबाई पुढे झाली नाही. तिने शेळीचं दावं मनगटाला एक वेढा देऊन घट्ट केलं आणि ती तारेच्या बाहेरच, खांबाला टेकून उभी राहिली. हे रोजचंच असावं, असं तिच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. फाटक तिच्यासमोर परत लागलं.

बापलेक ओळींमधून चालत राहिले. रूपला झाडं दाखवत होता. हा खैर लागला, हा मेला, पुन्हा लावला. हा कडुनिंब चांगला जोर धरून राह्यला. ज्या तुकड्यात तो स्वतः पेरायचा तिथे त्याने प्रत्येक रोपाला काडी रोवून सुतळीने बांधलं होतं. बाकीच्यांच्या तुकड्यांतली रोपं तशीच होती. तिथून जाताना तो भराभर चालला.

“बा,” उज्ज्वला म्हणाली. “ते समुद्रातलं काम बंद पडलं.”

“बंद म्हनजे?”

“होनार नाही. पान्याले तेवढा जोर नाही निघाला. सोडून दिलं त्याइनं.”

“अन् तिथली झाडं?”

“तशीच हायेत. तोडली नाहीत.”

रूपला थांबला. त्याने आजूबाजूला, त्या गुडघ्याएवढ्या रोपांवरून, तारेपर्यंत नजर फिरवली.

“मंग हे कायच्या बदल्यात हाय?”

तो खाली बसला. एका रोपाची सुतळी सैल झाली होती, ती त्याने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्याने मनगटाने बाजूला सारला.

“कोनाले माहीत हाय हे इथं?” त्याने वर न बघता विचारलं.

“कोनाले नाही.”

“राहू दे मंग.”

ती दोघं फाटकाकडे वळली. ललिताबाईने त्यांना येताना पाहिलं. ती तारेला हात लावून मोठ्याने म्हणाली,

“का व उज्ज्वला, मी इचारलंच नाही तुले. लागली का तुमची ते समुद्रातली लाईट?”

रूपला किल्ली कुलपाशी नेत होता. त्याचा हात थांबला. त्याने लेकीकडे बघितलं नाही.

“लागली, याडी,” उज्ज्वला आईला म्हणाली.

“लागली ना?” ललिताबाईचा चेहरा उजळला. “मंग चांगलं झालं बाई. मंजूले सांगीन मी, आली का. कोनाच्या तं घरात उजेड पडला म्हनीन.”

आणि शेळीला ओढत ती उताराला लागली.